फाटकाला मायक्रोफोन कशाला?

कारणरावांच्या अभिमानाला पहिलं आव्हान दिलं ते एका टॉर्चनं.

खरा टॉर्च नव्हे, फोनमधला. जिन्यातला दिवा गेला होता, म्हणून समोरच्या पेन्शनरांनी सुचवलेलं टॉर्चचं फुकट अ‍ॅप त्यांनी जिन्यातच उभं राहून फोनमध्ये घेतलं. (फोनमध्ये टॉर्च मुळातच असतो, हे त्यांना नंतर कळलं, पण तोवर युद्ध जाहीर झालेलं होतं.) उजेड पडायच्या आधीच अ‍ॅपनं विचारलं, तुमच्या ओळखीच्या लोकांचे नंबर पाहू का? मग म्हणालं, तुम्ही कुठे आहात ते पाहू का? मग म्हणालं, तुमचं बोलणं ऐकू का? कारणराव एक पाय वरच्या पायरीवर आणि एक खालच्या पायरीवर ठेवून अंधारात ओरडले, “टॉर्चला माझ्या साडूचा नंबर कशाला हवा?”

पेन्शनरांनी दार उघडून डोकं बाहेर काढलं. त्यांचं डोकं बघण्यासारखं होतं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी त्यावर एक पांढरा केस नव्हता.

“अहो, सगळीच अ‍ॅप्स मागतात. ‘हो’ म्हणायचं आणि मोकळं व्हायचं,” ते म्हणाले.

हे दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर चाललं असतं. पण कारणराव एका मोठ्या कार्यालयाच्या रेकॉर्डरूमचे प्रमुख होते. त्यांच्याकडे फाईल मागायला येणाऱ्याला ते चष्म्यावरून बघत आणि एकच शब्द म्हणत, “कारण?” कारण पटलं की फाईल मिळे. नाही पटलं तर माणूस कितीही मोठा असो, हात हलवत परत जाई. खुद्द मोठ्या साहेबांनाही एकदा त्यांनी असंच परत पाठवलं होतं. साहेब आठवडाभर धुमसत होते. त्यावरून ऑफिसनं त्यांना ‘कारणराव’ म्हणायला सुरुवात केली, आणि थट्टेतलं हे नाव त्यांनी पदवीसारखं मिरवलं. अशा माणसाकडे एक फुकटातला टॉर्च विनाकारण साडूचा नंबर मागतो म्हणजे काय!

सुट्टीच्या दिवशी ते फोन घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसले आणि एकेका अ‍ॅपला समोर उभं केल्यासारखं धारेवर धरलं. हवामान सांगणाऱ्याला त्यांचे फोटो बघायचे होते. कॅल्क्युलेटरला ते कुठे आहेत हे कळायला हवं होतं. गाव बदललं की बेरीज बदलते की काय, हे त्यांना समजेना. पत्त्यांच्या खेळाला त्यांचं बोलणं ऐकायचं होतं. “कारण?” असं प्रत्येकाला मोठ्यानं विचारून, उत्तराची थोडी वाट पाहून, ते ‘नाही’ दाबत गेले. बाहेरच्या खोलीत त्यांच्या बायकोचा शिवणवर्ग चालू होता. मशीन चालवणाऱ्या बायका मधूनच थांबत आणि एकमेकींकडे बघत.

“अहो, कुणाशी बोलताय?” बायकोनं बाहेरून हाक मारली.

“अर्जदारांशी!”

नकार देण्यात एक नशा असते. ती चढली की माणूस आपलं-परकं बघत नाही. त्या भरात कारणरावांनी फोन करण्याची जी सोय असते, तिलासुद्धा नावं बघायला बंदी केली. फोनला फोन करायला लोकांची नावं कशाला हवीत, असा मुद्दा होता, आणि त्या क्षणी तो त्यांना बिनतोड वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. पडद्यावर नाव नव्हतं, नुसता नंबर.

“काय, ओळखलंत का?” पलीकडून मोकळा आवाज आला.

“ओळखलं. तुमच्यासारख्यांचे रोज फोन येतात. मला कर्ज नको, प्लॉट नको, विमा नको.”

“अहो, असं काय करता, मी साडू बोलतोय!”

“परवा एकजण मामा बोलतोय म्हणत होता. लाज वाटली पाहिजे. पुन्हा फोन केलात तर पोलिसात देईन!”

साडू स्वभावानं हळवे. पोलिसांचं नाव त्यांच्या मनाला फार लागलं आणि त्यांनी ते अख्ख्या सासरवाडीला एकेक करून सांगितलं. मेव्हणीनं बोलणं टाकलं. बायकोनं बोलणं टाकलं नाही, पण ते टाकलं असतं तर बरं, असं वाटण्याइतकं ती बोलली. कारणरावांनी साडूंच्या घरी जाऊन माफी मागितली. मात्र निघताना, “तुमचा नंबर मात्र मी अजून कुठल्या टॉर्चला दिलेला नाही,” हे अभिमानानं सांगून आले. साडूंना त्यातलं काही कळलं नाही.

आता शेजाऱ्यांना हा विषय सापडला. आपल्याकडे सल्ला द्यायला माहिती लागत नाही, उत्साह पुरतो. औषधदुकानवाले म्हणाले, फोन पत्र्याच्या डब्यात ठेवायचा, म्हणजे त्याला काही ऐकू जात नाही. कारणरावांनी फोन बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवला. तो वाजला की स्वयंपाकघरात भूकंप झाल्यासारखी भांडी थरथरत आणि डबा उघडेपर्यंत फोन बंद होई. पेन्शनर म्हणाले, फोनला आपली जन्मतारीख खोटी सांगायची. कारणरावांनी फार विचार करून वय नव्व्याण्णव केलं. त्या दिवसापासून फोन त्यांना काठ्या, कवळ्या आणि कानातली यंत्रं दाखवू लागला. “ही काठी मात्र तुम्हाला शोभेल,” बायको चष्मा लावून म्हणाली. त्यांच्या जिव्हारी लागलं, पण मोहीम मोठी असली की हे सोसावं लागतं.

कॅमेऱ्याचा बंदोबस्त त्यांनी कुणाला न विचारता केला. लोक कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतात, हे त्यांना पोरखेळ वाटत होतं. महत्त्वाचं पाकीट कसं बंद करायचं, हे रेकॉर्डरूमच्या माणसाला शिकवायला नको. त्यांनी लाखेची कांडी आणली, मेणबत्तीवर धरली आणि फोनच्या कॅमेऱ्यावर लाल लाखेचा झकास ठिपका सोडला. वर स्वतःच्या अंगठीचा ठसासुद्धा उमटवला. फोन इतका सरकारी दिसू लागला की ते तो बराच वेळ हातात धरून बसले होते.

दोन दिवसांनी लाख काढायची वेळ आली तेव्हा ती निघेना. फोन दुरुस्त करणाऱ्यानं तो उलटासुलटा करून पाहिला. “साहेब, अपघात झाला का?” त्यानं विचारलं.

“सील केलाय,” कारणराव म्हणाले.

“बरं. पासवर्ड सांगा.”

“कारण?”

दुरुस्तीवाला हरला. शेवटी कारणरावांच्या डोळ्यांदेखत, पासवर्डाशिवाय, त्यानं लाख खरवडून दिली. पण काचेत थोडी लाली राहिलीच. तेव्हापासून त्यांनी काढलेल्या प्रत्येक फोटोत माणसं लाजल्यासारखी दिसतात.

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. मग अध्यक्षांनी फाटकाचं अ‍ॅप आणलं.

कारणरावांच्या सोसायटीत दोन इमारती होत्या, एक पुढची, एक मागची. दोन्हींना वेगवेगळी फाटकं, पण समिती एक आणि अध्यक्ष एक. अध्यक्ष पुढच्या इमारतीत राहत. त्यांचं फर्निचरचं मोठं दुकान होतं आणि बारा महिने ते कोटात असत. त्यांचा डावा खांदा जन्मापासून जरा उतरलेला होता. त्यामुळे कुठल्याही शिंप्याचा कोट त्यांच्या अंगावर उसना आणल्यासारखा दिसे. हा विषय त्यांच्यासमोर कुणी काढत नसे.

अध्यक्षांनी दोन्ही इमारतींना कळवलं: येत्या एक तारखेपासून प्रत्येकानं फाटकाचं अ‍ॅप घ्यायचं. पाहुणा आला की फाटकावर त्याचा फोटो निघेल, तुमचा फोन वाजेल, तुम्ही ‘आत सोडा’ दाबायचं. जो अ‍ॅप घेणार नाही, त्याच्याकडचा माणूस आत येणार नाही.

कारणरावांनी अ‍ॅप उघडून पाहिलं. त्याला त्यांच्या ओळखीच्यांचे नंबर हवे होते, फोटो हवे होते, दिवसभर ते कुठे जातात ते हवं होतं आणि मायक्रोफोन हवा होता. त्यांनी फोन टेबलावर उपडा ठेवला.

“मी हे घेणार नाही,” त्यांनी जाहीर केलं.

“मग माझ्या वर्गातल्या बायका काय भिंतीवरून उड्या मारून येतील?” बायको म्हणाली. तिचा वर्ग ही तिनं एका मशीनपासून स्वतः उभी केलेली गोष्ट होती. “तुमच्या तत्त्वांपायी माझा वर्ग बुडवू नका. घ्या ते मुकाट्यानं.”

खरं सांगायचं तर कारणराव डगमगले होते. साडूंचं प्रकरण ताजं होतं आणि घरात त्यांची पत उतरलेली होती. तत्त्वाला चिकटून राहायचं तर घरात निदान एक माणूस बाजूनं असावा लागतो.

तो त्यांना दुसऱ्या दिवशी मिळाला. अध्यक्षांनी अ‍ॅपची एक संध्याकाळ चाचणी घेतली. रात्रीच्या जेवणाआधी अ‍ॅप घेतलेल्या सगळ्यांच्या फोनवर ‘आजची ये-जा’ झळकली. कोण कुणाकडे आलं, किती वाजता, फोटोसकट. ही अध्यक्षांची खास कल्पना होती आणि रोज संध्याकाळी ती आपण स्वतः वाचणार, असं ते सांगत होते. त्यात सगळ्यात वर पेन्शनरांचं नाव होतं, आणि त्यांच्याकडे आलेल्या माणसाच्या हातात रंगाची वाटी आणि ब्रश स्पष्ट दिसत होता. पेन्शनरांच्या काळ्याभोर केसांचं गुपित जेवणाआधी दोन्ही इमारतींना कळलं. त्यांनी दार लावून घेतलं ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उघडलं नाही.

दार लागण्याआधी पेन्शनरांच्याच फोनवर ती ये-जा बघून कारणरावांची बायको घरात आली आणि खुर्चीत बसली.

“अहो, ते अ‍ॅप अजिबात घ्यायचं नाही,” ती म्हणाली.

कारणरावांना वाटलं आपल्याला भास होतोय. “आणि तुझा वर्ग?”

“वर्गही चालू राहिला पाहिजे आणि अ‍ॅपही नको. काय करायचं ते तुम्ही करा.” तिनं आवाज खाली आणला. “माझ्याकडे एक मुलगी येते. तिच्या घरच्यांना ते माहीत नाही. शिकून झालं की ती स्वतः सांगणार आहे. त्याआधी असं फोटोबिटो दिसून कळलं तर तिचं शिकणं कायमचं बंद होईल. आणि हात काय आहे हो तिचा! इतक्या वर्षांत मला अशी शिष्या मिळाली नाही.”

“कोण मुलगी?”

“ते विचारू नका.”

“पण घरी न सांगण्याचं कारण?”

बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं. “तुमच्या ऑफिसात कारण कोण देतं?”

“मागणारा.”

“आणि ठेवणारा?”

“तो कशाला देईल?”

“मग? मी काही मागत नाहीये. तिनं माझ्यापाशी ठेवलंय, ते मी ठेवतेय.”

उभी हयात कारणरावांनी रेकॉर्डरूममध्ये घालवली, नव्या माणसांना तासन् तास नियम समजावले, पण त्या सगळ्याचं सार असं कुणी दोन वाक्यांत सांगितलं नव्हतं. ते आपल्याच बायकोनं सांगावं, तेही हातातली टाचण्यांची उशी खाली न ठेवता, याचा त्यांना एवढा अभिमान वाटला की त्यांनी पुढे एक अक्षर विचारलं नाही.

एक तारखेच्या आधी सभा झाली. खाली गाड्या लावायच्या जागेत खुर्च्या मांडल्या होत्या, भिंतीशी मोठा टीव्ही होता आणि अध्यक्षांचा फोन त्याला जोडला होता, म्हणजे फोनवर जे दिसेल ते सगळ्यांना दिसावं. शेजारी अ‍ॅप कंपनीचा टाय लावलेला माणूस हसतमुखानं उभा होता.

“एकच सभासद विरोधात आहेत,” अध्यक्ष म्हणाले. “ज्यांनी स्वतःच्या साडूला पोलिसात द्यायचं ठरवलं होतं, तेच.” सभा हसली. मागून कुणीतरी म्हणालं, “सील केलेला फोन दाखवा!” सभा आणखी हसली.

कारणरावांचे कान तापले. क्षणभर त्यांना वाटलं, उठून घरी जावं. मग त्यांना दुसऱ्या रांगेत बसलेली बायको दिसली. ती हसत नव्हती, त्यांच्याकडे बघत होती. कारणराव उभे राहिले, चष्मा नाकावर खाली घेतला आणि टायवाल्याकडे वरून बघितलं.

“फाटकाला मायक्रोफोन कशाला?”

“सर, युजरला चांगला अनुभव यावा म्हणून.”

“हे कारण झालं नाही. माझे फोटो कशाला?”

“सर, अनुभव अधिक चांगला—”

“माझ्या ओळखीच्यांचे नंबर कशाला?”

टायवाल्यानं अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष वैतागले. “अहो, घेतले नंबर तर काय बिघडलं? लपवण्यासारखं काही नसेल तर माणसानं घाबरायचं कशाला?”

“बरोबर,” कारणराव म्हणाले. ऑफिसात ज्या आवाजात ते मोठ्या साहेबांशी बोलले होते, तोच आवाज त्यांना सापडला होता. “मग मी आत्ता अ‍ॅप घेतो. फक्त तुमचा फोन टीव्हीला जोडलेलाच आहे. तुमच्या ओळखीच्यांचे नंबर उघडा, मग फोटो उघडा. आम्ही सगळे बघतो. फाटकाला दाखवताय, आम्ही तर शेजारी आहोत.”

अध्यक्षांचा हात झटकन पुढे गेला. त्यांनी फोन तारेसकट ओढला आणि कोटाशी घट्ट धरला. “वा! असं कसं? ते माझं खासगी आहे!”



“सेक्रेटरी,” कारणराव शांतपणे म्हणाले, “अध्यक्षांचं हे वाक्य जसंच्या तसं इतिवृत्तात घ्या.”

मग जे हसू फुटलं ते कारणरावांवर नव्हतं. मतदान झालं तेव्हा अ‍ॅपच्या विरोधात पहिला हात पेन्शनरांचा वर गेला, इतक्या जोरात की त्यांची खुर्ची मागे सरकली. ठरलं असं की फाटकावरून घरी फोन करून विचारायचं, आत सोडू का, आणि तेवढंच. ‘आजची ये-जा’ बंद. टायवाला आपली तार गुंडाळून निघून गेला. कारणराव मागच्या इमारतीकडे चालू लागले ते असे की गाड्या लावायची जागा त्यांना जरा अरुंद पडत होती. बायको शेजारून चालत होती. जिन्याशी आल्यावर ती एवढंच म्हणाली, “बोललात मात्र छान.” त्या रात्री त्यांनी फोन डब्यातून बाहेर काढला आणि वय खरं केलं.

त्यानंतर काही महिने अध्यक्ष त्यांना बघून रस्ता बदलत. मग एक दिवस ऑफिसातून येताना कारणरावांना ते मागच्या फाटकापाशी उभे दिसले. आज त्यांनी रस्ता बदलला नाही. उलट समोर आले, हात जरा बाजूला धरून उभे राहिले आणि म्हणाले, “कसा आहे?”

अंगात राखाडी रंगाचा नवा कोट होता. कारणराव बघत राहिले. त्यांना शिवणातलं काही कळत नसे, पण अध्यक्षांचे दोन्ही खांदे आज एका रेषेत होते आणि माणूस पाच वर्षांनी तरुण दिसत होता.

“उत्तम,” ते मनापासून म्हणाले.

“सुनेनं शिवला!” अध्यक्षांचा आवाज फाटकापलीकडे गेला. “मला वाटायचं रोज दुपारी बागेत फिरायला जाते. ती कुठेतरी शिवण शिकत होती! परवा हा कोट पुढे ठेवला आणि म्हणाली, मला दुकान काढायचंय. मी रागावलोच. आमच्या घरातली सून लोकांचे कपडे शिवणार? बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, आधी घालून तर बघा. घातला. आरशासमोर गेलो.” डाव्या खांद्यावरून त्यांनी हळूच हात फिरवला. “काय बोलायचं होतं तेच विसरलो बघा. माझ्या शोरूमचा रस्त्याकडचा भाग देतोय तिला. पाटीवर तिचंच नाव.”

कारणरावांच्या डोक्यात एकेक गोष्ट आपापल्या जागी बसत गेली. रोजची दुपार. घरच्यांना माहीत नसलेली मुलगी. रोज संध्याकाळी ‘आजची ये-जा’ स्वतः वाचणार होते ते अध्यक्ष.

“पण शिकली कुठे, ते काही सांगत नाही,” अध्यक्ष म्हणाले. “म्हणते, बाईंना विचारल्याशिवाय नाव सांगणार नाही. तुम्हाला काही कल्पना?”

वर दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून मशीनची घरघर ऐकू येत होती. कारणरावांच्या छातीत अभिमान दाटून आला. माझी बायको, असं दोन्ही इमारतींना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडावं असं त्यांना वाटलं. पण त्यांनी फक्त चष्म्यावरून बघितलं.

“माहिती मागण्याचं कारण?”

“कारण काय विचारता! त्या बाईंसमोर हात जोडायचेत मला.”

“कारण योग्य आहे,” कारणराव म्हणाले. “पण माहिती माझी नाही. जिची आहे तिला विचारून कळवतो. इथेच थांबा.”

ते धावतच वर गेले. बायकोनं पाय थांबवला, मशीन थांबलं. तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं.

“तुझ्या नावानं अर्ज आलाय,” ते धापा टाकत म्हणाले. “अर्जदार खाली उभे आहेत. नवा कोट घालून.”

तिनं दोरा दातानं तोडला. डोळे भरून आले होते, पण आवाज वर्गातला होता. “येऊ दे त्यांना. फक्त कोट काढून द्यायला तयार राहा म्हणावं. डाव्या खांद्याची शिवण तिनं माझ्याशिवाय घातली आहे. मला ती आतून बघायचीय.”

कारणराव तसेच वळले. जिन्यातला दिवा पुन्हा गेला होता. मान ताठ ठेवून, दोन दोन पायऱ्या उतरत ते अंधारातून खाली गेले, आणि टॉर्च लावायचं त्यांच्या लक्षातही आलं नाही.